समुद्रकाठचे घर : कोठे घ्यावे, कोणाच्या भरवशावर घ्यावे
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात निवृत्त सभासदांपुढे केलेले भाषण)



आपल्या चिटणीसांनी गेल्या महिन्यात आमच्या घरी येऊन हा विषय सुचविला, तेव्हा आम्ही प्रथम नकार दिला. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. आयुष्य प्राथमिक शाळेत मुलांना पाढे व शुद्धलेखन शिकविण्यात गेले. घरे, जमिनी आणि भाडी ह्यांविषयी बोलण्याचा आमचा अधिकार तो कोणता? परंतु चिटणीस म्हणाले, “गुरुजी, ज्याला ठेच लागली त्यानेच रस्त्यावरचा दगड दाखवावा.” ह्या न्यायाने आज आपल्यापुढे उभे आहोत.

आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबांत सध्या एकच बोलणे ऐकू येते. नोकरी संपते, उपदान आणि भविष्य निर्वाह निधी ह्यांची रक्कम एकदम हाती येते. मुले पुण्यास, बंगळुरास किंवा परदेशी असतात. मग कोणीतरी सुचवितो की, कोकणात समुद्रकाठी एक घर घेऊ. सुटीत आपण राहू, एरवी प्रवाशांना भाड्याने देऊ, घर आपोआप आपला खर्च काढील. विचार वाईट नाही. कोल्हापूरकराला समुद्राची ओढ आजची नाही. घाटावरून गूळ उतरे आणि कोकणातून मीठ, नारळ व सुकी मासळी चढे. कै. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ पर्यंत वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्यास शिक्षक होते आणि तेथून ते आपल्या कोल्हापुरास येऊन राहिले. तेव्हा घाटाखालच्या लोकांशी आपले नाते जुने आहे. परंतु नाते निराळे आणि खरेदीखत निराळे, हे आम्ही पैसे मोजून शिकलो.

२०१६ सालची गोष्ट. आम्ही, आमचे साडू आणि आमचे धाकटे बंधू असे तिघे मिळून सिंधुदुर्ग जिल्ह्यात किनाऱ्यालगतची पाच गुंठे जागा पाहावयास गेलो. महिना डिसेंबरचा. माडांच्या सावल्या, पुळणीवर पसरलेली वाळू, थंड वारा आणि समोर अथांग पाणी! मध्यस्थाने गोड बोलून शहाळी पाजली. आम्ही तिघांनी तेथेच मनाशी घराचा नकाशा काढला आणि आठ दिवसांत चार लाख रुपये विसार दिला. विसारपत्र नोंदविण्याचेही आम्हांस सुचले नाही. पुढे सात-बाराचा उतारा नीट वाचला, तेव्हा कळले की त्यावर अकरा नावे असून आमच्याशी बोलणारी माणसे त्यांपैकी चारच होती. मुंबईच्या एका सहहिस्सेदाराने हरकत घेतली. ते कमी म्हणून की काय, जागा भरतीरेषेपासून इतकी जवळ निघाली की तेथे नवे घर बांधण्यास परवानगीच मिळणारी नव्हती. मध्यस्थ दिसेनासा झाला. विसार बुडाला तो बुडालाच. त्यांतले दीड लाख बंधूंचे होते. आमच्या शब्दावर त्यांनी दिले होते म्हणून ते आम्ही निवृत्तिवेतनातून तीन वर्षांत फेडले. परंतु पैसा फिटला म्हणून मन फिटते असे नाही. दोन वर्षे ते गौरी-गणपतीस आमच्या घरी आले नाहीत.

म्हणून पहिली विनंती ही की, समुद्र पाहण्यापूर्वी कागद पाहावा. कोकणातील जमिनीचा इतिहास देशावरच्या जमिनीहून वेगळा आहे. तेथील खोती १९४९च्या कायद्याने संपली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन धरून कुळांना मालकीचे हक्क मिळाले. ह्या सर्व उलाढालीच्या खुणा सात-बाराच्या ‘इतर हक्क’ ह्या रकान्यात आजही आढळतात. तेथे कुळाचे नाव असल्यास पुढे पाऊल टाकू नये. जमिनी लहान आणि वारस पुष्कळ. निम्मे वारस मुंबईस. तेव्हा वारस नोंदी, फेरफार, वाटणीपत्र आणि पोटहिश्शाची मोजणी ही सर्व पाहावीत. वकिलाकडून निदान तीस वर्षांचा शोध घ्यावा आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. जागेपर्यंत जाणारी वाट कागदावर आहे की केवळ शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर, हेही विचारावे. शिवाय शेतजमीन असेल, तर १९४८च्या कुळवहिवाट कायद्याच्या ६३व्या कलमाप्रमाणे जो स्वतः शेतकरी नाही त्यास परवानगीवाचून ती घेता येत नाही. तुकडेबंदीच्या मर्यादा अलीकडे वारंवार बदलल्या आहेत. म्हणून खरेदीच्या वेळी कोणता नियम लागू आहे ते तलाठ्याकडे, ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, जाऊन समक्ष विचारावे.

दुसरी गोष्ट किनाऱ्याच्या कायद्याची. १९९१ साली केंद्र सरकारने किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरांपर्यंतचा पट्टा तीत येतो आणि ग्रामीण भागात पहिल्या २०० मीटरांत नव्या बांधकामास सामान्यतः मनाई ठरली. २०११ व २०१९ साली तीत फेरफार झाले. २०१९च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांपुरती ही मर्यादा ५० मीटरांवर आणली, इतर ग्रामीण किनाऱ्यास २०० मीटरच ठेवली. खाडीकाठालाही हे नियमन लागू आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. ह्यावरून उघड होईल की, “दारातून लाट दिसते” ही जाहिरात म्हणजे आमिष नव्हे तर इशारा समजावा. तारकर्लीपलीकडचे देवबाग पाहा. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस कर्लीची खाडी आणि मध्ये गावाची चिंचोळी पट्टी. दृश्य अप्रतिम, परंतु तेथील लोक वर्षानुवर्षे समुद्राच्या धुपीशी झगडत आहेत. प्रवासी दोन दिवस देखावा पाहून जातो. मालकाला मात्र जून ते सप्टेंबर काळजी वाहावी लागते.

आता गाव कोणते निवडावे? आमचे उत्तर असे की, कोल्हापूरकराने आधी घाट निवडावा आणि मग गाव. आंबा घाटाने रत्नागिरी व गणपतीपुळे. करूळ, भुईबावडा किंवा फोंडा घाटाने कणकवली, देवगड व मालवण. आंबोलीने सावंतवाडी व वेंगुर्ले. अंतर बहुतेक ठिकाणी दीडशे किलोमीटरांच्या आसपासच आहे. परंतु अंतरापेक्षा वाट उघडी असणे महत्त्वाचे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ह्या दोन्ही महापुरांत पंचगंगेने आपल्याला शहरातच कोंडून घातले, हे कोणी विसरलेले नाही. करूळ घाट २०२४च्या आरंभी रुंदीकरणासाठी बंद झाला, तो वर्षभर बंदच राहिला. तेव्हा ज्या गावास दोन घाटांनी जाता येते ते गाव बरे.

गणपतीपुळ्यास देवदर्शनासाठी लोक बारमाही येतात, पावसाळ्यातही घर अगदी ओस पडत नाही. पण तेथे निवासस्थानेही तितकीच दाट आहेत. मालवण-तारकर्लीकडे किल्ला, पाण्याखालचे जग आणि मासळीचे जेवण ह्यांमुळे मुंबई-पुण्याचा प्रवासी येतो. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाल्यापासून कुडाळ स्थानकावर उतरून येणे त्यास सोपे झाले. मात्र पावसाळ्यात समुद्रातील खेळ बंद असतात आणि त्यांबरोबर गिऱ्हाईकही आटते. देवगड-कुणकेश्वर हे त्या मानाने निवांत, तर वेंगुर्ले-शिरोडा गोव्यास जवळ. प्रत्यक्ष गोव्यात घर घेणाऱ्याने तेथील कायदे वेगळे आहेत हे ध्यानी ठेवावे. जमिनीचा उतारा तेथे फॉर्म एक व चौदा ह्या नावाचा. पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्यामुळे सामान्यतः पतिपत्नीचा मालमत्तेत निम्मा निम्मा वाटा, म्हणून विक्रीस दोघांच्या सह्या लागतात. प्रवाशांना खोल्या द्यावयाच्या तर १९८२च्या कायद्याखाली नोंदणी हवी, आणि २०२३च्या कायद्याने शेतजमिनीच्या हस्तांतरावर निर्बंध घातले आहेत.

गाव ठरले तरी घर डिसेंबरात पाहून ठरवू नये. एकदा मे महिन्यात पाहावे आणि एकदा जुलैत. मे महिन्यात किनाऱ्यालगतच्या कित्येक विहिरींचे पाणी मचूळ होते. ते स्वतः पिऊन पाहावे. जुलैत भिंतींची ओल, छपराची गळती आणि अंगणात तुंबणारे पाणी दिसते. खाऱ्या वाऱ्याने लोखंडी गज, बिजागऱ्या व कुलपे गंजतात. चिऱ्याची भिंत व कौलारू छप्पर ही तेथील जुनी रीत लोकांनी उगीच पाडलेली नाही.

आता हिशेब. आम्ही शिक्षक, म्हणून उदाहरण फळ्यावर मांडल्याप्रमाणे सांगतो. समजा, तीस लाखांचे दोन खोल्यांचे घर घेतले. पावसाळ्याचे चार महिने वजा करा. उरलेल्या पस्तीस आठवड्यांच्या शनिवार-रविवारच्या सत्तर रात्री; दिवाळी, नाताळ व मे महिन्याच्या सुटीच्या तीस; एकूण शंभर. त्यांपैकी पन्नास रात्री दोन्ही खोल्या भरल्या आणि एका खोलीचे २,५०० रुपये आले, तर वर्षाचे उत्पन्न अडीच लाख. खर्चात, घर पाहणाऱ्यास दरमहा दहा हजार म्हणजे वर्षास एक लाख वीस हजार. वीज, धुलाई व घरपट्टी पन्नास हजार. पावसाळ्यानंतरची रंगरंगोटी व डागडुजी आणखी पन्नास हजार. शिल्लक तीस हजार, म्हणजे शेकडा एक टक्का. पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला व मर्यादाही तीस लाखांची झाली. त्या दराने तितक्याच रकमेवर वर्षास दोन लाख सेहेचाळीस हजार व्याज होते. जमिनीचा भाव चढेल, हे खरे. परंतु चढलेला भाव विकल्यावाचून हाती येत नाही. म्हणून ज्यास म्हातारपणी पोटाला उत्पन्न हवे, त्याने ह्या वाटेस जाऊ नये. पोटाची तरतूद करून जे उरेल, त्यातूनच समुद्राची हौस करावी.

इतके सांगूनही आम्ही स्वतः २०१९ साली घर घेतले, हे कबूल केले पाहिजे. मालवण तालुक्यातील एका वाडीत, समुद्रापासून सुमारे एक किलोमीटर आत, जुने कौलारू दोन खोल्यांचे. तेथून समुद्र दिसत नाही. रात्री गाज तेवढी ऐकू येते. ह्या वेळी आम्ही कागद सहा महिने तपासले. परंतु मन ठरले ते कागदावर नव्हे, शेजारच्या घरातील वृद्ध जोडप्यावर. काकांचा मुलगा वीजकाम करतो, काकू प्रवाशांना जेवण करून घालतात. जेवणाचे सारे पैसे त्यांचे, आणि भाड्यातही त्यांचा वाटा ठरविलेला आहे.

मे २०२१च्या मध्यास तौक्ते वादळ त्या किनाऱ्यावरून गेले. आपल्या कोल्हापुरात त्या वेळी करोनाची कडक टाळेबंदी होती. घाट उतरणे शक्य नव्हते. दोन दिवस फोन लागेना. तिसऱ्या दिवशी काकांचा आवाज आला, “मास्तरानू, काळजी करू नकात, आमी आसंव.” अर्धी कौले उडाली होती. स्वतःच्या घराचे छप्पर उघडे असताना त्या मुलाने आमच्याही घरावर ताडपत्री बांधली, बिछाने उचलून आपल्या पडवीत नेले. तो पावसाळा ते घर त्या माणसांच्या आधारावर उभे राहिले. दसऱ्याच्या सुमारास आम्ही दुरुस्तीस निघालो, तेव्हा सकाळी दारात टेम्पो उभा राहिला. त्यात कौले होती आणि पुढच्या बाकावर आमचे धाकटे बंधू. ते एवढेच म्हणाले, “दादा, एकट्याने छपरावर चढायचं वय राहिलं नाही तुझं.” त्या दिवशी चार लाखांचा हिशेब मिटला.

म्हणून शेवटचे दोन शब्द. भावाभावांत, मेहुण्या-साडवांत मिळून घर घ्यावयाचे असेल, तर कोणाचे किती पैसे, कोणी केव्हा राहावयाचे, खर्च कोणी द्यावयाचा आणि कोणास बाहेर पडावयाचे झाल्यास त्याचा वाटा कसा चुकवावयाचा, हे आधी लिहून त्यावर सह्या कराव्यात. लिहिल्याने प्रेम कमी होत नाही. न लिहिल्याने ते कमी झालेले आम्ही पाहिले आहे. आणि घर निवडताना समुद्र किती जवळ आहे हे विचारण्याआधी, वादळात कोण जवळ आहे हे विचारावे. जेथे असा एक माणूस सापडेल तेथेच घर घ्यावे. न सापडल्यास चार दिवस भाड्याने राहून, समुद्राला नमस्कार करून आनंदाने घाट चढून यावे.