सायंकाळी सातचा भोंगा

(सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी व शिक्षक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. लोकवस्ती तीन हजारांच्या घरात. शेती आणि साखर कारखान्यातील नोकरी यांवर बहुतेकांचा चरितार्थ चालतो. या गावाने १४ ऑगस्ट २०२२ रोजी एक निर्णय घेतला आणि दुसऱ्याच दिवसापासून, स्वातंत्र्यदिनाच्या मुहूर्तावर, तो अमलात आणला. सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजू लागला. तो वाजला की घरातील टीव्ही बंद करावयाचा, मोबाईल बाजूला ठेवावयाचा आणि मुलांनी पुस्तके उघडावयाची. साडेआठला दुसरा भोंगा होई आणि त्यानंतर ज्याची त्याला मुभा असे. दीड तासाच्या या व्यवस्थेची वार्ता त्या वर्षी राज्याबाहेर, किंबहुना देशाबाहेरही पोहोचली. वार्ता पोहोचली खरी, परंतु तीत बहुधा भोंग्याचेच कौतुक होते. ज्या विचारातून भोंगा बसविला गेला तो विचार पाहणे आपणांस अधिक उपयोगाचे आहे.

मुलांच्या हाती मोबाईल कोणी दिला, या प्रश्नाचे उत्तर प्रथम प्रांजळपणे दिले पाहिजे. तो वडीलधाऱ्यांनी दिला, आणि शाळेसाठी दिला. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. शिक्षण थांबू नये म्हणून पाठ मोबाईलवर येऊ लागले. ज्या घरी साधा फोन होता तेथेही पोटाला चिमटा काढून स्मार्टफोन घेतला गेला. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणविषयक पाहणीनुसार २०१८ साली देशातील शाळकरी मुलांच्या ३६.५ टक्के घरांत स्मार्टफोन होता; २०२१ मध्ये हे प्रमाण ६७.६ टक्क्यांवर गेले. एवढा मोठा पालट तीन वर्षांत क्वचितच होतो. पुढे शाळा उघडल्या, मुले वर्गात परतली; मोबाईल मात्र घरी जो स्थिरावला तो स्थिरावलाच. वडगावच्या शिक्षकांना मुलांचे लक्ष लागत नाही, वाचण्या-लिहिण्याचा आळस आला आहे, शाळेच्या आधी व नंतर मुले पडद्यातच गुंतलेली असतात, असे आढळून आले आणि तेथूनच गावात या विषयाची चर्चा सुरू झाली.

सरपंच विजय मोहिते यांनी त्या वेळी एक साधी गोष्ट सांगितली होती. गावातील घरांत अभ्यासाची वेगळी खोली नाही. हे वाक्य पुन्हा वाचावे असे आहे. शहरातील तज्ज्ञ जेव्हा मुलांसाठी पडद्याचा वेळ आखून देण्याचा उपदेश करतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर दार लावून घेता येईल असे घर असते. आपल्याकडे दोन खणांचे घर. एका भिंतीशी टीव्ही, त्याच्यासमोर बसून आई भाजी निवडते आहे आणि मालिका पाहते आहे, वडील दिवसभराच्या कष्टानंतर मोबाईलवर चित्रफिती पाहत पडले आहेत, आजोबांना बातम्या हव्या आहेत. आणि त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली सातवीतील मुलीने गणित सोडवावे अशी सर्वांची अपेक्षा आहे. मुलीने मोबाईल हातात घेतलेलाच नाही, तरीही तिची संध्याकाळ पडद्याने नेली. म्हणून केवळ मुलांना शिस्त लावून हा प्रश्न सुटत नाही. पडदा सर्वांचा एकाच वेळी बंद व्हावा लागतो, आणि एका घराचा बंद होऊन शेजारच्याचा चालू राहिला तरी पातळ भिंतीपलीकडून आवाज येतोच. वडगावने घराऐवजी गाव हे एकक धरले, यात शहाणपण होते.

सुरुवातीस पुरुषमंडळींनी ही कल्पना हसण्यावारी नेली. तेव्हा प्रथम महिलांना एकत्र बोलाविण्यात आले. मालिकांत आपणच गुंतून पडतो ही गोष्ट त्यांनी मोकळेपणाने मान्य केली आणि गावाने काही काळ टीव्ही-मोबाईल बंद ठेवावा यास संमती दिली. त्यानंतरच गावाची बैठक होऊन भोंग्याचे ठरले. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी व सेवानिवृत्त शिक्षक यांनी घरोघरी जाऊन समजूत घातली. येथे पंचायत सदस्यांना एका तरतुदीचे स्मरण करून देणे अस्थानी होणार नाही. ग्रामसभेच्या नियमित बैठकीपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी, असे आपल्या ग्रामपंचायत कायद्यातच सांगितलेले आहे. पुष्कळ ठिकाणी ती सभा नोंदवहीत होते, सह्या घरपोच घेतल्या जातात. घरातील संध्याकाळ ज्यांच्या हाती आहे त्यांचे मत आधी घेतले नसते, तर वडगावचा भोंगा आठवडाभर वाजून गप्प झाला असता, असे मानण्यास जागा आहे.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. या बाबतीत भीतीचा बाजार बराच मांडला जातो, म्हणून थोडे सावध राहिलेले बरे. २०१९ साली ऑक्सफर्ड विद्यापीठातील एमी ऑर्बेन व अँड्र्यू प्रझिबिल्स्की या संशोधकांनी अमेरिका व ब्रिटन येथील साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलांच्या मनःस्वास्थ्यात परस्परांत जो फरक दिसतो, त्यापैकी फार तर ०.४ टक्के फरकाचा संबंध डिजिटल साधनांच्या वापराशी लागतो, असे त्यांना आढळले. मोबाईल पाहिला की मूल बिघडलेच, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानी ठेवावा. परंतु सरासरीच्या आकड्यात दोन निरनिराळी मुले एकत्र मिसळली जातात, हेही विसरून चालणार नाही. एक मूल अर्धा तास क्रिकेट पाहून मैदानावर जाते. दुसरे रात्री एक वाजेपर्यंत पांघरुणात जागे असते. दोघांच्या बाबतीत एकच नियम लावणे व्यर्थ आहे. पडद्याने किती तास घेतले यापेक्षा ते तास कशातून घेतले, याची विचारपूस अधिक अगत्याची आहे.

सर्वांत आधी घेतली जाते ती झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलास नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलास आठ ते दहा तास झोप हवी, असे निद्राशास्त्रज्ञ सांगतात. डोळ्यांजवळ धरलेल्या पडद्याचा प्रकाश झोप आणणाऱ्या शरीरद्रव्याची निर्मिती लांबवितो, आणि पडद्यावर जे चाललेले असते ते मन जागे ठेवते. अपुऱ्या झोपेचे मूल सकाळी वर्गात चिडचिडे होते, विसरते, पेंगते. शिक्षक त्यास आळशी म्हणतात.

त्यानंतर जाते ते उघड्यावरील खेळणे. चीनमधील ग्वांगझू शहरात बारा प्राथमिक शाळांमध्ये एक प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांत मुलांना रोज ४० मिनिटे अधिक बाहेर नेण्यात आले. तीन वर्षांत त्या शाळांतील ३०.४ टक्के मुलांना जवळच्याच वस्तू स्पष्ट दिसण्याचा, म्हणजे लघुदृष्टीचा दोष जडला. इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. औषध नाही, उपकरण नाही. केवळ दिवसाचा उजेड. वेळापत्रकातील खेळाच्या तासाला गणिताचा जादा तास घेणाऱ्या आमच्या शाळांनी याचा विचार करावा.

टीव्हीचेही असेच भय एके काळी वाटत होते, मग त्यात नवे काय, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. पुढे १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ मालिकेच्या वेळी रस्ते ओस पडत, हे अनेकांना आठवत असेल. त्याही वेळी मुले वाया चालल्याची तक्रार होतीच. मात्र त्या काळी कार्यक्रमाला शेवट होता. मालिका संपे, माणसे उठत, आणि ज्याच्याकडे संच होता त्याच्या ओसरीवर वीस जण मिळून पाहत. आजच्या मोबाईलवरील चित्रफितींना शेवटच ठेवलेला नाही. बोट सरकविले की पुढची येते. पाहणारा कशावर किती थबकला याची नोंद ठेवून त्यालाच आवडेल अशी पुढील चित्रफीत निवडली जाते. ही रचना जाणूनबुजून केलेली आहे, कारण पाहणाऱ्याचा वेळ हाच तेथील विक्रीचा माल होय. प्रौढ माणसालाही जेथे आवरत नाही, तेथे तेरा वर्षांच्या मुलाला संयम नाही म्हणून दोष देणे अन्यायाचे आहे.

काही गावांनी आणि काही देशांनी यावर बंदीचा मार्ग पत्करला. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात बान्सी ग्रामपंचायतीने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाईल वापरावर बंदीचा ठराव केला. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये कायदा करून, १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. त्यात मुलांना वा पालकांना शिक्षा नाही, जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे. देशाला कंपनीला जाब विचारता येतो. ग्रामपंचायतीला तो विचारता येत नाही. तिचा हात फक्त मुलापर्यंत पोहोचतो, आणि बहुतेक वेळा मुलीपर्यंत.

हे मुलीविषयीचे म्हणणे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. २०२३ च्या ‘असर’ पाहणीत चौदा ते अठरा वयोगटातील, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्केच होते. म्हणजे मोबाईल काढून घेण्याची भाषा सुरू झाली की ज्यांच्याकडे तो आधीच नाही त्यांच्यावर प्रथम गदा येते. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, प्रवेशाची सूचना हे सारे आता मोबाईलवर येते. भावाला फोन आणि बहिणीला बंदी, असा ठराव कोणी कागदावर लिहीत नाही. तो घरात आपोआप अमलात येतो. वडगावची व्यवस्था या बाबतीत उजवी होती. दीड तास बाप, भाऊ, बहीण सर्वांना सारखाच लागू होता.

पण वडगावचे अनुकरण करू इच्छिणाऱ्यांनी काही अडचणी आधीच ओळखाव्यात. पहिली शाळेकडूनच येते. गृहपाठ व सूचना सायंकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर पाठविण्याची सवय साथीच्या काळात लागली ती सुटलेली नाही. गावाने सातला मोबाईल ठेवावयाचा आणि गुरुजींनी सव्वासातला त्यावर गृहपाठ पाठवावयाचा, हे कसे जमावे? गृहपाठ शाळा सुटण्यापूर्वी फळ्यावर लिहावा. दुसरी अडचण अशी की, काढून घेतलेल्या वेळात काय ठेवले याचा विचार होत नाही. ज्या मुलाला अभ्यास समजतच नाही, त्याला तो दीड तास तुरुंगासारखा वाटेल. तेथे सेवानिवृत्त शिक्षकाची ओसरी, शाळेची एखादी उजेडाची खोली, किंवा गावचे सार्वजनिक ग्रंथालय उघडे असले पाहिजे. अनुदानित ग्रंथालये आपल्याकडे गावोगावी आहेत. त्यांपैकी सायंकाळी सातला किती उघडी असतात, याची चौकशी पंचायतीने एकदा करावी. तिसरी गोष्ट दंडाची. दंड लावला की लोक दाराला कडी लावून आवाज कमी करतात. समजूत घालणाऱ्या अंगणवाडी सेविकेला जे दिसते ते दंडाच्या पावतीला दिसत नाही.

तिला दिसते त्यात कधी एखादे मूल असेही आढळेल की, ज्याला या उपायांनी गुण येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने खेळांच्या व्यसनाची गणना आपल्या रोगसूचीत केली आहे. मात्र स्वतःवरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ प्रिय होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे, ही लक्षणे साधारणतः बारा महिने टिकलेली असावीत, अशी त्यात अट आहे. परीक्षेनंतर चार दिवस खेळात रमलेले मूल रोगी नव्हे. परंतु जे मूल जेवण टाळते, मित्रांना तोडते, शाळा सोडते, गप्प होते, कुणी चित्र वा मजकूर पसरवून छळल्यामुळे घाबरलेले असते, त्याचा मोबाईल हिसकावून घेणे हा उपाय नाही. त्याच्याशी कोणी बोलले पाहिजे. टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. तो विनामूल्य असून चोवीस तास चालतो. शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर तो मोठ्या अक्षरांत लिहावा.

राहता राहिली रात्र. भोंगा साडेआठपर्यंतची काळजी घेतो. त्यानंतर घरोघर पुन्हा मालिका सुरू होतात आणि दहाच्या पुढे, दिवा मालवल्यावर, पडद्याचा उजेड अंथरुणात शिरतो. तेथे ग्रामसभेचा ठराव पोहोचत नाही. घरातील सगळे मोबाईल रात्री एकाच जागी, देवघराजवळ किंवा ओट्याच्या कोपऱ्यावर, चार्जिंगला लावावयाचे असे ठरविता येईल. त्यात बापाचाही मोबाईल आला. महिला सभेच्या पुढील बैठकीत हा विषय घेण्यास हरकत नसावी.