चार बोटांचे अंतर



वसंत व्याख्यानमाला म्हटली की संत, स्वराज्य, साहित्य असे भारदस्त विषय श्रोत्यांना अपेक्षित असतात. आमचा आजचा विषय त्या मानाने फारच साधा आहे. परंतु १८७५ साली ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात या प्रथेचा पाया घातला, ते धर्मचिंतक होते तसेच अर्थशास्त्राचे अभ्यासकही होते. तेव्हा त्यांच्या परंपरेत रुपयाआण्याच्या व्यवहाराला मज्जाव नसावा, असे समजून आम्ही उभे राहिलो आहोत.

विषय असा : घर विकून देणाऱ्या मध्यस्थाने ते घर स्वतः जाऊन पाहिले पाहिजे. यात सांगण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. पण जे सर्वांना मान्य असते तेच पुष्कळदा कोणी करीत नाही, आणि मग त्याचे परिणाम भलत्यालाच भोगावे लागतात.

आपल्या माणदेशाकडेच पाहा. साताऱ्यातला माण, सांगलीतले आटपाडी, सोलापुरातला सांगोला हा सगळा पर्जन्यछायेतला मुलूख. पाऊस वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर, आणि तोही येईल तेव्हा खरा. १९७२ च्या दुष्काळाच्या आधीपासून येथला माणूस पोटासाठी बाहेर पडत आला. कोणी मुंबईच्या गिरणीत गेला, कोणी बंदरावर ओझी वाहू लागला. आटपाडी-खानापूरकडची मंडळी सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा घेऊन थेट केरळ, तामिळनाडू, बंगालपर्यंत पोचली. माणसे गेली, घरे राहिली. आता त्या घरांची दुसरी-तिसरी पिढी मालक आहे. मुलांच्या शाळा तिकडे, सोयरिकी तिकडे. गावचे घर यात्रेपुरते उघडायचे, मग तेही बंद होते, आणि एक दिवस ते विकायचे ठरते.

समजा, विकणारा कोइमतूरला आहे. घेणारा पुण्यात नोकरीला आहे आणि निवृत्तीनंतर गावाकडे येऊ पाहतो. मध्यस्थ दहिवडीला किंवा म्हसवडला बसतो. या तिघांपैकी घरापासून जवळ कोण? एकटा मध्यस्थ. तोही जर मोबाइलवर आलेली छायाचित्रे इकडून तिकडे पाठवूनच थांबला, तर लाखो रुपयांचा असा सौदा होतो की ज्यात वस्तू कोणीच पाहिलेली नाही. विकणाऱ्याने ती वीस वर्षांपूर्वी पाहिली, घेणाऱ्याने चित्रात पाहिली, आणि मध्यस्थाने फक्त तिची गोष्ट ऐकली. कान आणि डोळे यांत चार बोटांचे अंतर असते, असे आपले वाडवडील म्हणत. घराच्या व्यवहारात ही चार बोटे फार महाग पडतात.

‘दलाल’ हा शब्द आपल्याकडे बदनाम झाला आहे, म्हणून हल्ली ‘एजंट’ म्हणतात. पण दलाल हा मूळचा अरबी शब्द, आणि त्याच्या मुळाशी दाखविणे, वाट दाखविणे हा अर्थ आहे. ज्याने स्वतः पाहिले नाही, तो दुसऱ्याला दाखविणार काय?

आणि पाहून घेणे ही काही माणदेशाला परकी रीत नाही. खरसुंडीच्या यात्रेत खिल्लार खोंड घेणारा शेतकरी काय करतो ते आठवा. दात पाहतो, खूर पाहतो, पाठीवरून हात फिरवितो, चार पावले चालवून पाहतो. मग रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो. दहा-बारा वर्षे राबणाऱ्या बैलासाठी एवढी चौकशी, आणि दोन पिढ्या ज्याखाली झोपणार त्या छपरासाठी चार छायाचित्रे! हा हिशेब आम्हांला उलटा वाटतो.

“कागद पाहिले म्हणजे झाले,” असे काही मध्यस्थ म्हणतात. कागद पाहिलेच पाहिजेत, यात वाद नाही. पण कागदाला त्याची मर्यादा आहे. आपल्याकडे शेताला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात. काळीचा सातबारा निघतो. पांढरीतल्या, म्हणजे गावठाणातल्या घराला तो नसतो. तेथे ग्रामपंचायतीचा नमुना आठ दाखवितात. ती करआकारणीची नोंद आहे. घरपट्टी कोणाच्या नावे लागते एवढे ती सांगते, मालकी सिद्ध करीत नाही. २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू झाली आणि गावठाणांची मोजणी ड्रोनने होऊन मिळकतपत्रिका निघू लागल्या. काम उपयोगाचे आहे. तरीपण ड्रोनला माळवद वरून दिसते. माळवदाखालची तुळई दिसत नाही, आणि तुळईखाली कोण राहते तेही दिसत नाही.

कायदा स्वतःच माणसाला जागेवर पाठवितो, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. १९०८ च्या नोंदणी कायद्याचे कलम २१ पाहा. गावच्या घराचे वर्णन करताना ते कोणत्या रस्त्याला व कोणाच्या मिळकतीला लागून आहे आणि सध्या तेथे कोणाची वहिवाट आहे, हे द्यावे असे ते सांगते. आपल्या खरेदीखतातली चतुःसीमा ती हीच. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, हे जुन्या दस्तावरून उतरवून काढता येते. पण पूर्वेचे घर मधल्या काळात विकले गेले असेल, पश्चिमेचा बोळ कोणी भिंत घालून बंद केला असेल, तर ती चतुःसीमा आजोबांच्या काळची ठरते.

आता घराचे दोष पाहू. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही कळणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर त्याने तो सांगितला पाहिजे. ठाऊक असेल तर! जो वीस वर्षे कोइमतुरात आहे, त्याला आपल्या घराच्या मागच्या भिंतीची काय खबर? तो खोटे बोलत नाही. त्याला माहीतच नाही. म्हणजे विकणारा प्रामाणिक, घेणारा सावध, आणि तरीही दोष झाकलेला राहतो. तो उघडा करू शकेल असा एकच मनुष्य त्या व्यवहारात आहे.

आपल्या भागातली जुनी घरे बहुधा माळवदाची. दगडमातीच्या भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, वर फळ्या किंवा काटक्या-पाला, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात असे घर थंड असते. कमी पावसाच्या मुलखाला ते शोभते. पण गळू लागले की वर आणखी माती टाकायची, ही आपली रीत. वर्षानुवर्षे थरावर थर चढतो. एक हात जाडीचा थर झाला, तर दर चौरस मीटरवर सुमारे ७०० किलो ओझे येते; दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीवर ८ टन. आणि तुळई सडते ती मधोमध नव्हे. जेथे तिचे टोक ओल्या भिंतीत शिरलेले असते, तेथे ती आतून सडते. छायाचित्रात ती तेल लावलेली, काळीभोर, देखणी दिसते. चाकूचे टोक रुतवून पाहिले, पन्हळीखालच्या भिंतीला हात लावला, पायरीने वर जाऊन माळवदाचा काठ बोटांनी मोजला, म्हणजेच खरे कळते.

ही हौस नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा चिखलात रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरची मातीची जड छपरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे ८ हजार माणसे गेली. आपल्या सातारा जिल्ह्यानेही ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप भोगला आहे. तेव्हा माळवदाच्या घराची जाहिरात ‘पारंपरिक, थंडगार वास्तू’ अशी करण्यापूर्वी मध्यस्थाने त्या माळवदाखाली उभे राहून वर पाहिलेले असावे, एवढे मागणे अवाजवी नाही.

पाण्याचीही तीच कथा. जाहिरातीत ‘नळजोड आहे’ असे लिहिलेले असते, आणि नळ खरोखर असतो. त्याला पाणी कितव्या दिवशी येते आणि वैशाखात टँकर कुठवर येतो, हे शेजारच्या घरातल्या बाईला विचारल्याशिवाय कळत नाही. उलट बाजूही आहे. आपले ओढे वर्षातले बरेच दिवस कोरडे; उन्हाळ्यात घर पाहणाऱ्याला ते दिसतही नाहीत. पण परतीचा पाऊस एखाद्या रात्री असा कोसळतो की तोच ओढा अंगणात येतो. भिंतीवरचा पाण्याचा डाग कोठवर चढला आहे, हे पाहायला जागेवरच जावे लागते.

परंतु सर्वांत मोठी गोष्ट घराची नाही, घरातल्या माणसाची आहे. ‘बंद घर’ म्हणून जे विकायला निघते ते नेहमी बंद असतेच असे नाही. मागच्या दोन खणांत कोणी विधवा चुलती राहत असते. दिवंगत भावाने तिला ‘तू येथेच राहा’ म्हटलेले असते. कागदावर ती कोठेच नाही. तिचे नाव फार तर रेशनकार्डावर. कोइमतूरचा पुतण्या विसरलेला असतो, किंवा ‘ती जाईल कुठेतरी’ असे धरून चाललेला असतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ३ म्हणते की, जो प्रत्यक्ष ताब्यात आहे त्याचा काही हक्क असेल, तर तो घेणाऱ्याला माहीत होता असेच धरले जाईल. ‘मी पाहिलेच नाही’ ही सबब चालत नाही. आणि त्याच कलमाप्रमाणे मध्यस्थ एखाद्याच्या वतीने काम करीत असता त्याला कळलेली महत्त्वाची गोष्ट त्याच्या धन्यालाही कळली असे समजतात. कायद्याने मध्यस्थाचा डोळा हा धन्याचा डोळा मानला आहे. मग तो डोळा मिटलेला कसा चालेल?

हीच गोष्ट भाऊबंदकीची. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला एकाचा हिस्सा परक्याने घेतला, तर कलम ४४ प्रमाणे त्याला इतरांबरोबर त्या घरात राहण्याचा हक्क मिळत नाही. तो वाटणीसाठी कोर्टात गेला, तर १८९३ च्या वाटप कायद्यान्वये घरचे हिस्सेदार त्याचाच हिस्सा विकत मागू शकतात. म्हणजे पैसे देऊनही बिचारा उंबऱ्याबाहेर. एका वाड्यात दोन चुली पेटतात की तीन, हे मध्यस्थाने दारात उभे राहून पाहिले असते, तर पुढची दहा वर्षे वाचली असती.

आम्ही त्या चुलतीचा विचार विशेषेकरून करतो. खरेदीखत झाल्यावर नवा मालक कुलूप घेऊन दारात येतो, तेव्हा पहिल्यांदा तिला कळते की घर विकले गेले. त्या क्षणी सगळेच खरे असतात आणि सगळ्यांचेच नुकसान होते. तोच मध्यस्थ दोन महिने आधी ओट्यावर अर्धा तास बसला असता, तिने दिलेला चहा घेतला असता, तर हा प्रश्न इसार देण्यापूर्वी निघाला असता. तिच्या राहण्याची काही सोय ठरली असती, किंवा सौदा झाला नसता. दोन्ही गोष्टी कोर्टकचेरीपेक्षा बऱ्या.

जाऊन पाहण्यात विकणाऱ्याचाही लाभ आहे. दूर असलेल्या माणसाला ‘तुमचे घर पडीक झाले आहे’ असे सांगून स्वस्तात सौदा उरकता येतो. घडीव दगडाचे जोते, सागवानी खांब, बारमाही आड यांची किंमत जागेवर जाणारालाच लागते.

आता आक्षेप. पहिला : खेपा परवडत नाहीत. मेहनताना शेकडा एक-दोन, तोही सौदा झाला तर. हे म्हणणे खरे आहे. म्हणून आमची सूचना अशी की, पाहणीचा खर्च दोन्ही पक्षांनी वेगळा द्यावा, सौदा होवो न होवो. दुसरा : घेणारा स्वतः पाहीलच की! पाहील, पण तो आयुष्यात एक-दोन घरे पाहतो, मध्यस्थ शेकडो पाहतो. शिवाय घेणाऱ्याच्या मनात घर आधीच भरलेले असते. तिसरा : आता चलच्चित्रात सारे दिसते. दुरून डोंगर साजरे! यंत्र धरणारा जिकडे वळवील तिकडेच ते पाहते. ओलीचा वास, वाळवीने पोखरलेल्या लाकडाचा पोकळ आवाज ते आणीत नाही. दहा घरांतून दोन निवडायला चित्र पुरे. त्या दोघांतून एक पक्के करायला पायच हवेत.

सरकारने काही केले नाही असे नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने एजंटांना नोंदणी लागू केली, आणि महाराष्ट्रात २०२३ पासून त्यांच्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही आली. पण ही नोंदणी बांधकाम व्यावसायिकांच्या नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीसाठी आहे. गावठाणातले आजोबांचे माळवद तिच्या कक्षेत येत नाही. तेथे १८७२ च्या करार कायद्याचे जुने कलम २१२ तेवढे उरते : मध्यस्थाने वाजवी दक्षतेने काम करावे, आणि हयगयीने झालेली हानी धन्याला भरून द्यावी. एवढेही पुष्कळ आहे, जर आपण दक्षतेचा अर्थ ‘स्वतः जाऊन पाहणे’ असा लावला तर.

म्हणून आमचे मागणे एकच आहे. प्रत्येक मध्यस्थाने घर पाहून एक पानभर टिपण करावे : कोणत्या दिवशी पाहिले, कोण हजर होते, कोण राहते, माळवद, भिंती, पाणी, येण्याजाण्याची वाट, चारी बाजूंचे शेजारी. कुलूप असल्यामुळे जी खोली पाहता आली नाही, तीही लिहावी. खाली सही करून प्रत दोघांना द्यावी. आणि आपण घेणारे-विकणारे यांनी इसाराआधी ते टिपण मागावे. मागणारे मागू लागले की देणारे देऊ लागतील.

घर पाहावे बांधून, असे आपण म्हणतो. बांधणाऱ्याने ते घामाने पाहिलेले असते. विकून देणाऱ्याने निदान डोळ्यांनी पाहावे. तेवढी चार बोटे त्याने ओलांडली, तर दलाल या शब्दाला त्याचा मूळचा मान परत मिळेल.