एकपंखी विमानावरील बंदी



आज डोक्यावरून जाणारे कोणतेही प्रवासी विमान पाहा, त्याला पंखांची एकच जोडी असते. पक्ष्यालाही तेवढीच असते. मग यात सांगण्यासारखे ते काय, असे आपल्याला वाटेल. पण इंग्लंडच्या लष्कराने १९१२ साली या एका जोडीवर बंदी घातली होती. एकावर एक अशा दोन जोड्यांचे द्विपंखी विमान चालेल, एकपंखी नको, असा हुकूमच सुटला.

ही हकीकत ब्रिस्टल कंपनीच्या एकपंखी विमानाशी निगडित आहे. पिएर प्रिये हा फ्रेंच वैमानिक एप्रिल १९११ मध्ये लंडनहून पॅरिसला वाटेत कोठेही न उतरता गेला. त्याच वर्षी कंपनीने त्याला विमाने आखण्यासाठी ठेवून घेतले. त्याची विमाने कंपनीच्या उड्डाणशाळांत शिकाऊ मंडळींच्या हाती देत. लाकडी सांगाडा, त्यावर कापड, आणि बहुधा पन्नास अश्वशक्तीचे एंजिन. पंखांना आजच्यासारख्या हलत्या झडपा नव्हत्या. विमान कलते करायचे तर तारा ओढून सबंध पंखच पिळायचा. ‘पिळायचा’ हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. परवान्यासाठी दोन खांबांभोवती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे फेरे घ्यायचे, पन्नास मीटर उंची गाठायची आणि एंजिन बंद करून नेमल्या जागेजवळ उतरायचे. झाला वैमानिक! या शाळांतला आंरी जुलरो हा शिक्षक आपल्या मुलखालाही अगदी परका नव्हता. १९११ च्या जानेवारीत औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, घोडदळाचा युद्धसराव झाला, तेव्हा ब्रिस्टलचे विमान त्यानेच तेथे उडवले होते. ते मात्र द्विपंखी होते.

आता या दोहोंतला फरक पाहू. द्विपंखी विमानात वरच्या आणि खालच्या पंखांमध्ये उभे दांडे व तिरप्या तारा असतात; रेल्वेच्या लोखंडी पुलाला असते तशी ती कैचीच म्हणा. एकपंखीला हा आधार नाही. त्याचे पातळ पंख, वर एका आखूड खुंटाला आणि खाली चाकांच्या चौकटीला बांधलेल्या तारांनी तोलून धरलेले असत. या तारा फारशा तिरप्या नसून पुष्कळशा आडव्या जात, आणि तार जितकी आडवी तितका तिच्यावर ताण अधिक. घरी कपडे वाळत घालण्याची दोरी अगदी ताठ बांधा आणि मधोमध एक ओला पंचा टाका. भिंतीतला खिळा हलतो. तीच दोरी थोडी सैल असली, तर तोच पंचा ती निमूटपणे पेलते. एकपंखीचे सारे दुखणे या खिळ्याशी होते.

१९१२ मध्ये रुमानियाचा आंरी कोआंडा ब्रिस्टलमध्ये आला आणि त्याने प्रियेचे विमान सुधारून वाढवले. त्या वर्षीच्या ६ सप्टेंबरला एक फ्रेंच बनावटीचे एकपंखी विमान इंग्लंडात कोसळून दोन लष्करी अधिकारी गेले. चारच दिवसांनी ऑक्सफर्डजवळ वुल्व्हरकोट येथे कोआंडाचे विमान पडले. त्यात हॉचकिस आणि बेटिंग्टन हे दोघे लेफ्टनंट मृत्यू पावले. हॉचकिस हे तर ब्रिस्टलच्या ब्रुकलँड्स येथील शाळेचे मुख्य शिक्षक. कारण काय निघाले? तारेच्या पट्ट्याची कळ हवेतच सुटली आणि त्या पट्ट्याच्या तडाख्याने पंखाचे कापड फाटले. एवढीशी कळ! पण बंदी आली ती एकपंखी जातीवर.

मग समिती नेमली गेली. १९१३ च्या आरंभी तिने सांगितले की, एकपंखी ही रचना मुळातच सदोष नाही. मुख्य तारा दुहेरी करा आणि उतरताना हिसके बसणाऱ्या भागांना त्या बांधू नका. समितीचे हे म्हणणे मला नेमके वाटते. बंदी उठली, पण मनातली अढी काही उठली नाही. १९१६ मध्ये ब्रिस्टलच्याच फ्रँक बार्नवेल यांनी ताशी दोनशे किलोमीटरांच्या वर जाणारे एकपंखी लढाऊ विमान केले. उतरताना त्याचा वेग ताशी सुमारे ऐंशी किलोमीटर राही; फ्रान्सच्या लहान मैदानांवर तो झेपणार नाही, असे सांगून ते नाकारले गेले. जेमतेम एकशेतीस विमाने बांधली गेली. काही मध्यपूर्वेत गेली आणि बरीच पुन्हा शिक्षणशाळांतच. वेगाची सबब खोटी नव्हती. पण १९१२ ची भीती तिच्या आड उभी होती, असे माझे मत आहे.

ब्रिटिश हवाई दलाने शिक्षणासाठी पहिले एकपंखी विमान घेतले ते १९३७ मध्ये. ते माइल्स यांचे ‘मॅजिस्टर’. तोवर हरिकेन आणि स्पिटफायर ही एकपंखी लढाऊ विमाने तयार होत होती, आणि द्विपंखीवर शिकलेल्या पोराला थेट त्यांत बसवणे धोक्याचे होते. मॅजिस्टरमध्ये गुरु-शिष्य एकामागे एक उघड्यावर बसत. दोघांपुढेही सुकाणूची दांडी असे. पंख आतूनच भक्कम असल्याने बाहेरच्या तारा गेल्या होत्या. आणि उतरताना वेग कमी करण्यासाठी पंखांखाली झडपा बसवलेल्या होत्या.