पाण्याची परतफेड

आमच्या जैन घरांत पाणी गाळून पिण्याचा नियम आहे. गाळण्यात उरलेली ‘जिवाणी’ फेकायची नाही; ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत ती हलकेच परत सोडायची. लहानपणी मला हा निव्वळ धर्माचार वाटे. आज आपल्या हैदराबादच्या पाण्याविषयी बोलताना मला त्यात शहराची कसोटी दिसते. जिथून घेतलं, तिथे आपण काय परत करतो?

28 सप्टेंबर 1908 रोजी मुसीच्या पुराने हजारो माणसं नेली. निझाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. पुण्यात शिकलेल्या, खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणाऱ्या या अभियंत्याने शहराच्या वरच्या अंगाला पूर अडवणारे जलाशय सुचवले आणि जमिनीखालची गटारयोजनाही आखली. उस्मानसागर 1920 मध्ये, हिमायतसागर 1927 मध्ये पुरा झाला. पूर अडवणाऱ्या तलावांनीच पुढे शहराची तहान भागवली. येणारं पाणी आणि जाणारा मैला यांचा विचार तेव्हा एकत्र झाला होता.

पुढे आपण तो तोडला. पाणी लांबून आणत गेलो: मांजरा, मग कृष्णा, मग गोदावरी. परतीच्या वाटेवर मात्र एकटी मुसी उरली आणि तिचं गटार झालं. उस्मानसागर-हिमायतसागरच्या पाणलोटाला 1996 च्या आदेशाने संरक्षण होतं. ते निर्बंध उठवण्याचा निर्णय 2022 मध्ये झाला. याची चिंता आपण करायला हवी.

दवाखान्यात एकाच गल्लीतले चार जण कावीळ घेऊन आले, की मी आधी विचारतो, ‘नळ किती वेळ येतो?’ पाणी बंद असताना नळी रिकामी होते. शेजारच्या गटाराची घाण जुन्या सांध्यांतून आत झिरपते आणि पाणी सुटलं की पहिल्या घागरीत घरी येते. होमिओपॅथी की अॅलोपॅथी, हा वाद तिथे फिजूल आहे. त्या गल्लीचं औषध प्लंबरच्या पान्यात आहे. चाळीस वर्षं गोळ्या दिल्यावर हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही.

म्हणून पुढचं शहर नव्या धरणावर उभं राहणार नाही. सांडपाणी शुद्ध करून बागा, बांधकाम, कारखाने यांना द्यावं लागेल. नदीला देऊ तेही शुद्धच द्यावं लागेल. आपल्या नळाला पाणी कुठून येतं, हे आपल्याला ठाऊक असतं. आज घरी गेल्यावर एवढंच विचारा: आपल्या मोरीचं पाणी जातं कुठे? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. तीच आपली जिवाणी.