नख, बोट आणि पोट



आज आम्ही तुम्हांला सांध्यांच्या एका दुखण्याची माहिती सांगणार आहोत. त्याआधी एक कबुली द्यायची आहे.

आमच्या शाळेत घंटा देणारा एक गडी होता. त्याच्या कोपरांवर, गुडघ्यांवर लाल चट्टे उठत आणि चंदेरी खवले गळत. मारेगावात कोणी त्याला कोड म्हणे, कोणी महारोग. आम्ही मुख्याध्यापक, पण आम्हीही त्याला सांगितले, माठाला हात लावू नकोस. "बरं जी गुरुजी," एवढेच तो म्हणाला.

तो रोग सोरायसिस होता. शिवल्याने किंवा एका माठातले पाणी प्यायल्याने तो होत नाही. रोगांशी झगडणारी राखण प्रत्येकाच्या अंगात असते. तीच चुकून आपल्या कातडीवर उठते.

पुढे काही वर्षांनी त्याचे एक बोट सुजले. नुसते पेर नव्हे, अख्खे बोट मुळ्यासारखे झाले. टाच दुखू लागली. सकाळी तास दोन तास मूठ वळत नसे. घंटेचा टोला पडेना. लोक म्हणाले, वात आहे. बाजाराच्या दिवशी तो कोणाकडून तरी सुई टोचून घेई. चार दिवस बरे वाटे, मग पुन्हा तेच. यात दोन वर्षे गेली.

शेवटी आम्ही त्याला यवतमाळला नेले. डॉक्टरांनी आधी नखे पाहिली. शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे त्यांवर बारीक खळगे होते. ते म्हणाले, हा सोरायसिसचा संधिवात. सोरायसिसच्या पाच रोग्यांत साधारण एकाला तो होतो. औषध लिहून देऊन त्यांनी वर सांगितले, "पोट कमी करा." गड्याला हसूच आले. हातपाय काड्यांसारखे, पोट तेवढे थोडे पुढे.

चरबी म्हणजे ज्वारीची कणगी, भरली की गप्प पडून राहते, असे आम्हीही समजत होतो. तसे नाही. 1994 साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिनचा शोध लागला. चरबीच्या पेशी हा रस रक्तात सोडतात आणि साठा किती आहे ते मेंदूला कळवतात. साठा वाढला की लेप्टिन वाढते. आणि ते त्या राखणदार पेशींनाही चेतवते. ॲडिपोनेक्टिन नावाचा दुसरा रस बहुधा दाह निववतो, पण पोट वाढले की तोच घटतो. शिवाय फुगलेल्या चरबीतून टीएनएफ नावाचे दाहक द्रव्य निघते. सुजलेल्या सांध्यातही तेच सापडते. त्याला अडवणारी महागडी इंजेक्शने याच रोगावर देतात. चरबी हे रोगाचे मूळ नव्हे. सडपातळ माणसालाही तो होतो, घराण्यातही चालतो. पण लागलेल्या आगीत ती तेल ओतते.

आता काडीसारख्या माणसाला चरबी कुठली? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी 2004 साली स्वतःचाच दाखला छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिन यांच्या अंगात चरबी शेकडा 9.1, तर याज्ञिकांच्या अंगात शेकडा 21.2! आपल्याकडे बारीक दिसणारा माणूसही आतून असा असतो. म्हणून नुसता वजनकाटा पुरत नाही. सुतळीने पोटाचा घेर मोजा. पुरुषाचा 90 सेंटिमीटरच्या, बाईचा 80 च्या पुढे गेला तर जपावे.

इटलीतल्या नेपल्सच्या डॉक्टरांनी 2014 साली या रोगाच्या जाड रोग्यांविषयी लिहिले. औषध चालू असताना ज्यांचे वजन शेकडा 5 किंवा जास्त उतरले, त्यांच्यापैकी अधिक जणांचा रोग आटोक्यात आला. सत्तर किलोच्या माणसाला हे साडेतीन किलो.

आमच्या गड्याने चहातली साखर आणि बाजारातली भजी सोडली. त्याची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची होती. ती रोज घेतली तर जिवावर बेतते. म्हणून आम्ही दर रविवारी ती त्याच्या हातावर ठेवत असू, आणि पाणी त्याच माठातले देत असू. सहा महिन्यांत सुतळीची गाठ तीन बोटे आत आली. घंटा पुन्हा वेळेवर होऊ लागली. दोन वर्षे सुजत राहिलेले ते बोट मात्र वाकडेच राहिले.