पटकी: पेशीचं अडकलेलं बटण

पटकी, म्हणजे कॉलरा, आतडं कुरतडून टाकते असा पूर्वी समज होता. पण पटकीचे जंतू पेशीत शिरतही नाहीत. ते बाहेरूनच विष सोडतात. कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये हे दाखवलं. जंतू गाळून काढलेला नुसता द्रव त्यांनी सशाच्या आतड्यात सोडला... आणि आतडं पाण्यानं फुगलं! हे विष पेशीतल्या निरोप्या प्रथिनाला पकडतं. एरवी हे प्रथिन काम झालं की आपोआप बंद होतं. आता ते बंदच होत नाही. बटण चालूच राहतं. पेशी क्षार बाहेर टाकत राहते... क्षारामागोमाग पाणी जातं.

कुणी म्हणेल, मग जंतू मारले की झालं! प्रतिजैविकांनी आजार लवकर आटोपतो, हे खरं. पण जीव जातो तो पाणी गेल्यामुळे, कधीकधी काही तासांतच. म्हणून आधी पाणी भरून काढायचं. ते आतड्यात टिकेल का? टिकतं. पुन्हा सांगते, बटण अडकलेलं असतं, पेशी मेलेली नसते. साखर आणि मीठ एकत्र आत घेण्याची तिची वाट शाबूत असते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी रुग्णांना साखर-मिठाचं पाणी पाजलं... आणि मृत्यू झपाट्यानं घटले.