सात खिशांची पँट आणि वालधुनीचं पाणी

(आनंदनगर, अंबरनाथ इथे महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला दिलेला विषय जरा जड आहे. 'डिझाइनच्या व्यवसायातली पर्यावरणीय, सामाजिक आणि कारभारविषयक जबाबदारी.' २००४ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने निघालेल्या एका अहवालातून ही तीन कलमं एकत्र रूढ झाली. इंग्रजी आद्याक्षरं घेऊन त्यांना 'ईएसजी' म्हणतात. पत्रिका वाचून दोघीतिघींनी मला विचारलंच, की हे आपल्याला कशाला? म्हणून मी धाग्यापासून सुरुवात करते.

उल्हासनगरच्या कॅम्पांमधून आणि भोवतालच्या वस्त्यांमधून जीन्स शिवल्या जातात. शिवून झालेल्या पँटीला जागोजागी धाग्यांची टोकं लोंबत असतात. ती छोट्या कात्रीने कापायची, याला धागा कटिंग म्हणतात. गठ्ठे घरी येतात. बाई दारातल्या उजेडाला बसते, शाळेतून आलेली मुलगी हाताशी लागते. काळ्या कापडावर काळा धागा, त्यामुळे संध्याकाळी डोळे चुरचुरतात आणि बोटं निळी होतात. मजुरी नगावर, म्हणजे पँटीमागे. दर किती हे ठेकेदार सांगेल तो. त्याच्यावर कोण आहे हे बहुतेकींना ठाऊक नसतं.

आमच्या गटातल्या एकीने एकदा दोन पँटी समोर ठेवून टोकं मोजून दाखवली. एक साधी, दुसरी मांडीवर खिसे असलेली, जिला 'कार्गो' म्हणतात. प्रत्येक खिशाची झडप, प्रत्येक पट्टी, प्रत्येक टाका म्हणजे आणखी टोकं. दुसरीला वेळ जवळजवळ दुप्पट लागतो. ती म्हणाली, "ताई, दोन खिसे असोत की सात, पँट एकच मोजतात."

माझ्या मते आजच्या विषयाचं सार या वाक्यात आहे. मुंबईत कुठल्यातरी टेबलावर एका माणसाने पेन्सिलीने आणखी दोन खिसे काढले. त्याच्या दृष्टीने ती शोभा. कापड किती जास्त लागेल हे त्याने काढलं, शिलाईचा हिशोब कारखानदाराने केला. टोकं कापणारीचा हिशोब कोणीच केला नाही, कारण ती त्यांच्या कागदावर नाहीच. डिझाइन म्हणजे केवळ सौंदर्य नव्हे. कोणाचे हात किती वेळ चालणार, कुठलं पाणी कुठे जाणार, हे तिथे ठरतं.

आता पाण्याकडे येऊ. नवी कोरी जीन्स गडद निळी आणि ताठ असते. गिऱ्हाइकाला ती विटलेली, गुडघ्यावर पांढुरकी हवी असते. मग ती कारखान्यात मुद्दाम जुनी करायची. दगड घालून घुसळायची, ब्लीच करायची, पोटॅशियम परमँगनेट फवारायचं आणि पुन्हा पुन्हा धुवायची. काही देशांत दाबाने वाळू मारून हे करत. तुर्कस्तानात हे काम करणाऱ्या तरुण मजुरांना सिलिकोसिस झाला, कित्येक दगावले. शेवटी २००९ मध्ये तिथल्या सरकारने जीन्सवर वाळू मारण्याला बंदी घातली. २०१० मध्ये लेव्हाईज आणि एचअँडएम यांनीही ती पद्धत सोडत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे एका फॅशनसाठी माणसांची फुप्फुसं गेली, आणि ती फॅशन कुणीतरी कागदावर काढलेली होती.

आपल्याकडे ते धुण्याचं पाणी वालधुनीत गेलं. ही नदी इथल्याच काकोळ्याच्या डोंगरातून निघते, अंबरनाथच्या शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगर, कल्याणकडे जाते. ते देऊळ अकराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं. इतकी जुनी वस्ती असलेल्या नदीला आज आपण नाला म्हणतो. जीन्सचे कारखाने जोरात असताना पाण्याच्या रंगावरून आज कुठला माल धुतला ते कळायचं, असं काठावरच्या बायका सांगतात. दोष एकट्या जीन्सचा मुळीच नाही. आपण बसलो आहोत ते आनंदनगर म्हणजे अतिरिक्त अंबरनाथ औद्योगिक क्षेत्र, इथे रसायनांचे कारखाने आहेत. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर उल्हासनगरात वडोलगावाजवळ टँकरमधून वालधुनीत रसायन ओतलं गेलं आणि विषारी वायूने शेकडो माणसांना रुग्णालयात न्यावं लागलं.

'वनशक्ती' या संस्थेने उल्हास आणि वालधुनी या नद्यांसाठी दाद मागितली. २०१५ च्या जुलैमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आणि स्थानिक पालिका यांच्यावर मिळून सुमारे ९५ कोटींची भरपाई बसवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पुढच्या काळात उल्हासनगरातल्या जीन्स धुलाईच्या कारखान्यांवर बंदीची कारवाई झाली. काही मिटले, काही दुसऱ्या गावच्या नाल्याकाठी गेले.

इथे आपल्या चळवळीपुढचा अवघड प्रश्न आहे. धुलाई बंद झाली तेव्हा गठ्ठेही आटले. नदीसाठी आवाज उठवणाऱ्या बरोबरच होत्या, आणि ज्यांचं घरभाडं गठ्ठ्यावर निघायचं त्यांचं रडणंही खरं होतं. अनेकदा या एकाच चाळीतल्या बायका होत्या. नदी की भाकरी असा वाद आपल्या अंगावर टाकला जातो, आणि ज्यांनी फिकट जीन्सची मागणी नोंदवली ते या वादात कुठेच नसतात. त्यांची ऑर्डर फक्त दुसऱ्या गावाला जाते. मी तरी या वादात दोन बाजू मानत नाही. तिसऱ्याला बोलावलं पाहिजे.

त्याला बोलवायचं कसं? सेबीने २०२१ मध्ये नियम केला आणि २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना जबाबदारीचा अहवाल देणं सक्तीचं झालं. त्यात पाणी किती वापरलं, एकूण वेतनात बायकांचं वेतन किती, लैंगिक छळाच्या तक्रारी किती, असं विचारतात. वाचायला बरं वाटतं. पण पुरवठादारांची माहिती द्यायची वेळ येते तेव्हा खरेदी-विक्रीत ज्याचा वाटा किमान २ टक्के आहे तेवढाच मोजायचा, आणि तेही ऐच्छिक. आता सांगा, कारखानदाराखाली ठेकेदार, त्याखाली गल्लीतली गठ्ठे वाटणारी, त्याखाली आपली बाई. ती २ टक्क्यांत कधी येणार? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये घरखेप कामगारांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. 'सेवा'सारख्या संघटना त्यासाठी झटल्या. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

मध्यंतरी एका डिझाइन कचेरीतून दोन मुली आमच्याकडे आल्या होत्या. मुली चांगल्या, तळमळीच्या. अहवालासाठी त्यांना बायकांचे हसरे फोटो हवे होते आणि 'किती महिला सक्षम झाल्या' हा आकडा. आम्ही म्हटलं, आकडा देऊ, आधी तुमचं नमुन्याचं पान दाखवा. माल शिवायला देताना प्रत्येक टाका, बटण, धुलाईचा प्रकार ज्यावर लिहितात ते पान. त्यांनी दाखवलं. धाग्याचा रंग, जाडी, टाक्यांची संख्या, सगळं होतं. धागा कटिंगपुढे वेळ नव्हता की दर नव्हता. आमच्या बायकांनी त्यावरच बोट ठेवलं: इथे मिनिटं लिहा. एकदा मिनिटं लिहिली की किमान वेतनाशी गाठ पडते, दर मागता येतो. मुलींनी वहीत टिपून घेतलं. पुढे कचेरीकडून उत्तर आलं नाही.

तरी मागणी तीच ठेवायला हवी. नमुन्याच्या पानावर मिनिटं आणि दर, धुलाई कुठल्या कारखान्यात होणार त्याचं नाव, आणि तिथलं सांडपाणी कुठे जातं ते. लेसरने जीन्स फिकी करणारी यंत्रं निघाली आहेत, त्यात पाणी आणि रसायनं वाचतात हे खरं. पण ती महाग आहेत, छोट्या कारखानदाराला झेपत नाहीत. तो खर्च ज्याची चिठ्ठी पँटीवर लागते त्याने उचलावा, असं माझं मत आहे. काही जणी म्हणतील, यंत्र आलं की हातं जातील. याचं उत्तर इथे व्यासपीठावरून देण्यापेक्षा गठ्ठे करणाऱ्यांनाच विचारू.

दुपारच्या गटचर्चेसाठी मी त्या नमुन्याच्या पानाची नक्कल आणली आहे. कचेरीचं नाव झाकलं आहे. पाच-पाच जणींनी एकेक घ्या, आणि ज्यांनी हे काम केलंय त्यांनी आधी बोला.